तांदूळ ठेवायची जागा

पेटीतल्या ट्यूबवर लिहिलं होतं, 'अंगाचा रंग'.
झाकण उघडून हातावर एक ठिपका लावला.
कुणाच्या अंगाचा, सर?
वर्ग हसला. सरही हसले, तसे चांगले होते,
म्हणाले, तू तुझा बनव.

तेव्हापासून बनवतेय.

चुलीमागची काजळी जवसाच्या तेलात.
खानापूरच्या पुढं रस्ता खणला होता तिथली तांबडी माती,
फडक्यातून दोनदा गाळलेली.
बाबांच्या मागाखाली पडलेल्या सुताची राख.
साडेतीन वर्षांत अकरा बरण्या.
बाराव्या बरणीवर चिकटपट्टी आहे, नाव नाही.

बाबा वडगावचे विणकर.
आई लोंढ्यापलीकडच्या रानातली, सिद्दी.
गाठ पडली ती सरकारी दवाखान्याच्या रांगेत,
एकाला हिवताप, एकीच्या टाचेत काटा.
लग्न कुठल्या देवासमोर लागलं
यावर दोन्हीकडचे अजून बोलत नाहीत.
दाखल्यावर माझं नाव कन्नडमध्ये,
घरी मराठीत, आजोळी कोंकणीत;
हजेरी घेतली की
तीन वेगवेगळ्या मुली हात वर करतात.

रेमेती मावशी कवंद शिवते.
जुनी लुगडी, फाटके गणवेश, एका छत्रीचं कापड.
कडेपासून सुरुवात, मग आत, आणखी आत,
आखत नाही, मोजत नाही.
चारी कोपऱ्यांना घडीची फुलं,
त्यांच्याशिवाय पांघरूण नागडं, म्हणते.
आणि मधला शेवटचा तुकडा लावण्याआधी
चिमूटभर तांदूळ ठेवते आत.
पांघरणानं का उपाशी राहावं?

मी विचारलं होतं, आपण कुठून आलो ग?
"जहाजातून,"
जसं कुणी सांगावं, सकाळच्या एसटीनं.
कुठलं बंदर? कुणी विकलं? काय भावानं?
तिनं दोरा दातानं तोडला.
"ठाऊक असतं तर परत गेलो नसतो होय?"
आणि सुई माझ्याकडं दिली, ओवायला.
तिला आता नेढं दिसत नाही.

चित्र सहा फुटी आहे,
बाबांनी विणलेल्या जाड्याभरड्या कापडावर.
मीही कडेपासून सुरू केलं.
कडेला एक गावाची पाटी, डांबर फासलेली,
खालची अक्षरं अजून वाचता येतात.
मग जांभ्याचा कट्टा. मावशीचे तळवे.
बाबांचा धोटा, पाण्यात सोडलेला,
आत बसलेली माणसं मी मोजून काढली नाहीत.
आफ्रिकेचा नकाशा काढला, दोन दिवस ठेवला, खरवडून टाकला.
शाळेच्या भिंतीवरचा होता तो,
माझ्या हाती कुणी दिलेला नव्हे.
केसांना आठ दिवस लागले.
त्यांत पेन्सिल खोचून पोरं पैज लावायची, पडते का.
सातवीपर्यंत एकही पडली नाही.
त्या सगळ्या पेन्सिली चित्रात आहेत.

टिळकवाडीत प्रदर्शन लागलं.
एक बाई जवळ आल्या,
चित्र पाहिलं, मला पाहिलं, पुन्हा चित्र,
आणि इंग्रजीत विचारलं, कुठल्या देशाच्या?
हितलीच की, म्हटलं. वडगावची.
काय ओ काकू, भाजी घेतो की तुमच्याच बाजारात.
त्या ओशाळल्या, मग खरंच हसल्या.
मग त्यांच्या मिस्टरांनी तेच कन्नडमधून विचारलं.
मी तेच कन्नडमधून सांगितलं, भाजीसकट.

मधोमध वीतभर कापड कोरं राहिलंय.
लोक विचारतात, संपलं नाही का?
चेहरा तिथं येणार होता.
बारावी बरणी त्याच्यासाठीच.

काल मावशी आली.
चपला हॉलच्या दाराबाहेर काढल्या,
नको म्हटलं तरी.
आधी चारी कोपरे बघितले.
"फुलं कुठायत?"
मग कोऱ्या जागेवर तळहात ठेवून उभी राहिली,
कमरेची चंची सोडली,
आणि शिपाई 'हात लावू नका' म्हणत येईपर्यंत
चाचपत राहिली,
कापडाला आत शिरायची वाट कुठून आहे ते.